करिश्म्याला १०० पैकी ३० गुण द्यावेत का?

परळकरीण | सोमवार, रात्री १०.१५

मी २२ वर्षे एका माल वितरण कंपनीच्या एचआर विभागात आहे. ऑफिस लोअर परळला, बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर बांधलेल्या काचेच्या इमारतीत. येत्या शुक्रवारी आमच्या बढती समितीपुढे मूल्यमापनाचा नवा तक्ता ठेवायचा आहे. सल्लागारांच्या मसुद्यात १०० पैकी ३० गुण ‘लीडरशिप प्रेझेन्स’ला दिले आहेत. माणूस खोलीत आला की माना वळतात का, तो बोलायला लागला की लोक फोन खाली ठेवतात का, त्याच्या शब्दाखातर जास्तीचे काम करतात का. थोडक्यात करिश्मा. या ३० गुणांवर मला लेखी मत द्यायचे आहे आणि हात अडतो आहे. का ते सांगते.

आठेक वर्षांपूर्वी आमच्याकडे बाहेरून सीईओ आणले. टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, ते मंचावरून खाली उतरून बोलत, बाह्या दुमडलेल्या, शिपायापासून सगळ्यांना नावाने हाक. माणूस खरोखर चांगला होता, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. ते आल्यावर दोन वर्षांत उशिरा पोचणाऱ्या मालाचे प्रमाण निम्म्यावर आले. ‘सरांनी कंपनीचा मूड बदलला’ हे वाक्य प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असायचे. त्याची स्लाइड मीच केली होती.

त्याच काळात भिवंडीच्या गोदामात एक सुपरवायझर होते, सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. पूर्वी माल ज्या क्रमाने येई त्याच क्रमाने ट्रकमध्ये भरला जाई, मग उतरवताना निम्मा ट्रक रस्त्यावर रिकामा करावा लागे. तो क्रम उलटा झाला, शेवटी उतरवायचा माल आधी आत. दुसरे म्हणजे सकाळी जड वाहनांची बंदी लागायच्या आत प्रत्येक गाडी ठाण्याचा माजिवडा नाका ओलांडून गेली पाहिजे असा दंडक. त्यासाठी काका पहाटे चारला फाटकावर वही घेऊन उभे असत.

बढतीसाठी त्यांचे नाव तीनदा आले आणि तिन्ही वेळा पडले. तिसऱ्या वेळी पॅनेलवर मी होते. शेरा होता, ‘काम उत्तम, प्रेझेन्स नाही.’ खालच्या तीन सह्यांपैकी एक माझी. सीईओ दुसरीकडे गेले त्याच वर्षी काका निवृत्त झाले. सहा महिन्यांत उशीर पुन्हा वाढला आणि सगळे ऑफिस म्हणाले, सर गेले म्हणून.

तुमचे अनुभव सांगा, वाचनही सांगा. मला समितीत नुसते ‘मला असे वाटते’ म्हणून चालणार नाही.


विक्रीवाला | सोमवार, रात्री ११.०२

ताई, काकांचे वाईट वाटले, पण ३० गुण काढून टाकू नका. मी १८ वर्षे औषधांच्या विक्रीत आहे. मे महिन्यात दुपारी दोनला दवाखान्याबाहेर बॅग घेऊन ताटकळणाऱ्या पोराला कुठलाही तक्ता उभा ठेवत नाही. माझा पहिला एरिया मॅनेजर असा होता की त्याचा नुसता फोन आला तरी अंगात बळ यायचे. तो गेला आणि आमच्या टीममधल्या सहांपैकी चार जणांनी वर्षाच्या आत नोकरी सोडली. याला काय म्हणाल?


सांख्यिकी | मंगळवार, सकाळी ७.४०

विक्रीवाला, तुमचा मॅनेजर खरा आणि तुमच्या अंगात आलेले बळही खरे. पण तुम्ही त्याच्या हाताखाली काम करून मग मत बनवलेत. ताईंचे पॅनेल २० मिनिटांच्या मुलाखतीत ते ठरवणार आहे.

करिश्मा हा शब्द व्यवस्थापनाने उसना घेतलेला आहे. मूळ ग्रीक, कृपेने मिळालेले दान या अर्थाचा, ख्रिस्ती धर्मग्रंथातला. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने तो सत्तेच्या चर्चेत रुजवला. त्याचा मोठा ग्रंथ तो गेल्यावर, १९२२ मध्ये निघाला. लोक सत्ता का मानतात याची त्याने तीन कारणे सांगितली: परंपरा, कायदा आणि करिश्मा. ट्रेनिंगमध्ये एवढेच सांगून थांबतात. वेबर पुढे म्हणतो की करिश्मा अनुयायांच्या मानण्यावर उभा असतो. पुन्हा पुन्हा प्रचीती द्यावी लागते, ती थांबली की तो ओसरतो. टिकवायचा तर त्याला रोजच्या कारभारात, पदांत, नियमांत उतरावे लागते. म्हणजे ज्याचे निम्मे बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे, ते आपण एका कर्मचाऱ्याच्या नावावर गुण म्हणून मांडणार.

आता मोजण्याबद्दल. १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे रकाने होते. पण ज्याला एका रकान्यात चांगले गुण, त्याला बहुतेक सगळीकडे चांगले. रकाने वेगळे, मनातले चित्र एकच. यालाच पुढे वलय परिणाम म्हणू लागले. तुमच्या तक्त्यातले ३० गुण हे ३० राहणार नाहीत ताई, उरलेल्या ७० वर त्यांची सावली पडेल.

आणि तुमच्या सीईओंच्या गोष्टीला थेट लागू पडणारे काम १९८५ चे आहे. जेम्स माइंडल आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी ‘नेतृत्वाचा रोमान्स’ या नावाने निबंध लिहिला. संस्थेची कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट झाली की लोक कारण नेत्यात शोधतात. कामगिरी मध्यमच असली तर नेता कुणाला एवढा आठवत नाही. आधी निकाल येतो आणि मग त्याच्या मापाचा नेता घडवला जातो.

क्रायस्लर मोटार कंपनी तिचा प्रमुख ली आयकोका याने वाचवली असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९७९ मध्ये अमेरिकन संसदेने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली होती आणि कामगार संघटनेने पगारात मोठी सूट दिली होती. आयकोकाने काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. पण संघटनेच्या सभेत हात वर करून पगार सोडणारा कामगार कुठल्या केस स्टडीच्या पहिल्या पानावर दिसतो?


जमाखर्च | मंगळवार, सकाळी ९.१५

मी सीए आहे, फोर्टमध्ये बसतो. माझ्या धंद्यात करिश्म्याची किंमत रुपयांत दिसते.

सत्यम या आयटी कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू हे काही आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. मृदू बोलणे, १०८ रुग्णवाहिका सेवेसारखे समाजकार्य, शेतकरी घराण्याची पार्श्वभूमी. करिश्मा साधेपणाचाही असतो हे लक्षात घ्या. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीला उत्तम कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, म्हणजे चोख कंपनी कारभाराचा, गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला राजूंचे कबुलीपत्र आले. त्यात रोख आणि बँकेतली शिल्लक म्हणून ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

बँकेतली शिल्लक खरी आहे का हे बघणे लेखापरीक्षणातल्या सोप्या कामांपैकी आहे. आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही आम्ही ते देतो, बँकेकडून थेट पत्र मागवायचे आणि आकडा जुळवायचा. ‘हे असे कसे करतील’ या एका वाक्यापुढे ते काम लुळे पडले. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगतो, ज्या क्लायंटबद्दल तुम्हाला फार आदर वाटतो त्याची बँकेची पत्रे आधी मागवा.


खेडचा_पाव्हणा | मंगळवार, दुपारी १.३०

मुंबईत बसून नेतृत्वावर चर्चा आणि डबेवाल्यांचे नाव अजून कुणी काढले नाही! माझे चुलते अंधेरी ते चर्चगेट असे ३० वर्षे डबे वाहत होते. आमच्याकडचे, म्हणजे खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी, अकोले या पट्ट्यातले लोकच यात जास्त.

हे काम १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण चुलत्यांच्या तोंडी त्यांचे नाव वर्षातून एखाद्या वेळी यायचे. मुकादमाचे मात्र रोज. टोळीत वीसपंचवीस माणसे. मुकादम जुना, सगळ्यांनी मानलेला, पण तोही डबे उचलतो. कमाई टोळीत वाटून घेतात. दोनतीन माणसे जास्तीची ठेवलेली असतात, कुणी आजारी पडला, कुणाचा बाप गेला, तर त्याची लाईन तो दुसरा धरतो, त्यामुळे टोळीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याचे पत्ते माहीत असावे लागतात. झाकणावरची खूण सांगते डबा कुठून उचलला, कुठल्या स्टेशनला उतरणार, कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर जाणार. वर सगळ्यांचा मालक म्हणजे लोकलचे वेळापत्रक. डब्बा चढवायला जेमतेम अर्धे मिनिट मिळते, तिथे प्रेरणेचे भाषण कोण ऐकणार?

याचा पुरावा २०२० ला मिळाला. मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि सगळी साखळी ठप्प राहिली. माणसे तीच होती, मुकादम तेच होते.

एक खंतही सांगतो. डबेवाल्यांना फोर्ब्जने सिक्स सिग्माचा, म्हणजे जवळपास बिनचूक कामाचा, दर्जा दिला असे प्रत्येक व्याख्यानात सांगतात. १९९८ मध्ये त्या मासिकात लेख आला होता हे खरे, पण फोर्ब्जने असले कुठलेही प्रमाणपत्र दिलेले नाही. लाखो डब्यांत एक चूक, हा आकडा लोकांना पाठ आहे. चुलत्यांचा गुडघा कितव्या वर्षी गेला हे कुणी विचारले नाही. कामाचा चमत्कार केला की काम करणाऱ्याचे हाल दिसत नाहीत, हे चमत्कारी सीईओंपुरतेच नाही.


साचाखाता | मंगळवार, रात्री ९.५०

परळकरीण ताई, तुमचे ऑफिस गिरणीच्या जागेवर आहे असे तुम्ही लिहिलेत, म्हणून लिहायला बसलो. वडील लालबागजवळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो.

१८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आज कुणालाही विचारा, संप म्हणजे कामगार नेते डॉ. दत्ता सामंत. निम्मे म्हणतात डॉक्टरांनी कामगारांना ताठ उभे राहायला शिकवले, निम्मे म्हणतात डॉक्टरांनी गिरण्या बुडवल्या. दोन्ही बाजूंना एकच माणूस दिसतो. सांख्यिकी यांनी लिहिलेला रोमान्स आमच्या घराघरात दोन्ही तऱ्हांनी चालू आहे.

मला जे आठवते ते असे. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून आग पेटली. मान्यताप्राप्त युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कारण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच संघटनेला दिलेला होता. कामगारांचा तिच्यावर राग होता, पण कायद्याने तिला बाजूला सारता येत नव्हते. कामगार आपण होऊन घाटकोपरला डॉक्टरांकडे गेले. इंजिनिअरिंग कारखान्यांत त्यांनी मिळवून दिलेल्या पगारवाढी सगळ्यांना माहीत होत्या. म्हणजे नेत्याने लोक जमवले नाहीत, लोकांनी नेता आणला.

मग संप दीड वर्षाच्या वर चालला कसा? भाषणांवर चालला का? आमच्या चाळीतले निम्मे लोक गावी गेले, कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे. शेतीला हात लावला, तिकडून धान्य आले. जे एकटे इथे राहिले त्यांना खानावळीच्या बायकांनी उधारीवर जेवू घातले. या बायकांचे संघटन संपाआधीच सुरू झाले होते, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. आमच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या मावशींनी स्वतःच्या बांगड्या मोडल्या. त्यांच्या वहीतली वडिलांच्या नावापुढची रक्कम आम्ही १९८९ ला पुरी केली, त्यांनी एकदाही मागितली नव्हती. संप ज्यांच्या जिवावर उभा होता त्या बायका सामंतांच्या बाजूच्या गोष्टीतही नाहीत आणि विरोधातल्याही नाहीत.

आणि मोडला कसा? मालकांकडे यंत्रमागांवरून कापड येत राहिले. कित्येक गिरण्या आधीपासून कर्जात होत्या, जुन्या यंत्रांवर खर्च करायची कुणाची इच्छा नव्हती. सरकारला सामंतांपुढे नमायचे नव्हते, कारण एकदा कापडात त्यांचे पाय रोवले की पुढे बंदर, गोदी, सगळीकडे पसरतील ही भीती. १९८३ मध्ये केंद्राने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमांतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली. ताई, तुमची काचेची इमारत त्या नियमातून उगवली आहे.

डॉक्टरांच्या चुका नव्हत्या असे मी म्हणत नाही. वडील म्हणायचे, मध्ये एकदा तडजोड करायला हवी होती. पण आज ‘सामंतांनी गिरण्या बुडवल्या’ एवढे म्हटले की कायदा, मालक, सरकार, यंत्रमाग, जमिनीचा भाव या सगळ्यांची सुटका होते. चेहऱ्याला दोष देणे सोपे पडते. १६ जानेवारी १९९७ ला त्यांचा पवईत खून झाला. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. एवढेच.


हार्बर_लाईन | मंगळवार, रात्री १०.२०

साचाखाता, खानावळीच्या वहीचा भाग दोनदा वाचला.


विक्रीवाला | मंगळवार, रात्री ११.१०

साचाखाता दादा, मनापासून नमस्कार. पण तुम्हीच लिहिलेत की लोक आपण होऊन घाटकोपरला गेले. युनियनची कचेरी परळलाच होती, तिथे जाऊन निवडणूक लढता आली असती. तरी त्यांना माणूस हवा होता. अडीच लाख लोकांना एकाच दिवशी घरी बसायचे तर कुणाच्या तरी शब्दावर विश्वास लागतो. माझे म्हणणे एवढेच की ही गरज खोटी नाही, आणि ती नाकारणारा तक्ता कागदावरच राहील.


साचाखाता | मंगळवार, रात्री ११.३५

मान्य. सुरुवात करायला माणूस लागला. दुसऱ्या महिन्यापासून धान्य लागले.


दुर्गभटक्या | बुधवार, सकाळी ६.५५

पवई आणि बीकेसीतल्या कंपन्यांत सध्या ‘शिवराय आणि लीडरशिप’ अशी सत्रे होतात. दोनतीन ऐकली. महाराजांचे तेज, महाराजांचा आवाज, एका हाकेला जीव द्यायला तयार मावळे. ऐकून ऊर भरून येतो. पण महाराजांनी कष्टाने उभे केलेले जे आहे तेच यात गळते, आणि याचा मला त्रास होतो.

१६६६ च्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले. मे महिन्यात दरबार, मग नजरकैद, १७ ऑगस्टला सुटका. इतके महिने राजा शेकडो मैलांवर, परत येईल की नाही ठाऊक नाही, आणि मुलगाही बरोबर. करिश्म्यावरच राज्य चालते या हिशेबाने राज्य तेव्हाच विस्कटायला हवे होते. जिजाबाईंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे आणि इतरांनी कारभार सांभाळला. गड फितले नाहीत.

गड का फितले नाहीत याचेही उत्तर व्यवस्थेत आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघे बरोबरीचे, आणि तिघे एकाच जातीतले नसत. चाव्यांचा जुडगा एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, पहारे तिसऱ्याकडे. कुणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूच्या हाती जाणार नाही. ज्या राजाच्या शब्दाला एवढे वजन होते त्याने गडावर कुणा एकाच्या शब्दावर काही अवलंबून राहणार नाही याची तजवीज केली. जहागिरी देण्यापेक्षा रोख पगारावर त्यांचा भर होता तो याच विचारातून.

पुढचे तर अजून मोठे. १६८९ मध्ये संभाजीराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. छत्रपती दूर तमिळ मुलखात आणि इकडे रामचंद्रपंत, संताजी, धनाजी लढत आहेत. १७०० नंतर ताराबाई. १७०७ मध्ये औरंगजेब नगरला मेला तोवर मराठे लढतच होते. (रोख पगाराची पद्धत या धकाधकीत मोडली आणि वतने द्यावी लागली, त्याचे परिणाम पुढे झाले, पण तो वेगळा धागा होईल.)

ताई, समितीला द्यायला एक प्रश्न सुचवतो. उमेदवार मागच्या वर्षी पंधरा दिवस रजेवर होता तेव्हा त्याच्या विभागात काय झाले? काम रखडले असेल तर ‘याच्याशिवाय पान हलत नाही’ म्हणून आपण त्याला जास्त गुण देतो. ते कमी करायला हवेत.


दहावी_ब | बुधवार, दुपारी २.०५

‘प्रेझेन्स’वर इतके लिहिले गेले, पण तो मुंबईत कशाने मोजतात हे कुणी लिहिले नाही, म्हणून पहिल्यांदाच इथे लिहिते.

इंग्रजीने मोजतात. मी दादरच्या मराठी शाळेतून दहावी, एका मोठ्या वित्तसंस्थेत १४ वर्षे. माझ्याकडच्या कर्जांची वसुली सलग चार वर्षे विभागात सर्वात चांगली होती. मुलाखतीत पॅनेल विचारते, तेव्हा मी आधी मनात वाक्य जुळवते. तेवढ्या दोन सेकंदांच्या शांततेला ‘कॉन्फिडन्स कमी’ म्हणतात. माझ्याबरोबरचा मुलगा तेच उत्तर अर्धवट माहितीवर लगेच देतो, त्याला ‘लीडरशिप मटेरियल’ म्हणतात. उंची, आवाजाची पट्टी, सूट, हात हलवायची पद्धत, हे सगळे त्याच ३० गुणांत येते. बाई जोरात बोलली तर ‘अ‍ॅग्रेसिव्ह’, हळू बोलली तर ‘प्रेझेन्स नाही’.

एकदा मला कोचिंगला पाठवले. तीन दिवस, पॉज कुठे घ्यायचा, खांदे कसे ठेवायचे. मी शिकले आणि पुढच्या वर्षी बढती मिळाली. त्या वर्षी माझे काम आधीच्यापेक्षा खराब होते, वसुली घसरली होती. मला आनंद झालाच नाही. शनिवारी घरी येऊन आईला पेढे दिले आणि खोलीत जाऊन रडले.

परळकरीण, तुमच्या काकांच्या शेऱ्यावर ‘प्रेझेन्स नाही’ लिहिताना ते इंग्रजीत बोलले होते का मराठीत, हे आठवून बघाल का?


परळकरीण | बुधवार, दुपारी ३.२०

आठवले. मुलाखत इंग्रजीत होती. त्यांनी एकदा विचारले होते, हिंदीत सांगितले तर चालेल का. पॅनेलमधले कुणी तरी म्हणाले, ‘ट्राय करा.’ मी गप्प होते.


सांख्यिकी | बुधवार, रात्री ८.३०

दहावी_ब, तुम्ही लिहिलेत ते माझ्या कालच्या सगळ्या संशोधनापेक्षा समितीत जास्त कामाला येईल.

आता थोडे कटू. ताई, तुमच्या गोष्टीत आपण सगळ्यांनी सीईओंना खाली उतरवले आणि काकांना वर बसवले. अबोल, पहाटे उठणारा, वही सांभाळणारा, उपेक्षित. हाही रोमान्सच आहे. २००१ मध्ये जिम कॉलिन्स या अमेरिकन लेखकाने ११ कंपन्या निवडून दाखवले की महान कंपन्यांचे प्रमुख नम्र आणि निग्रही असतात. लोकांना ते फार आवडले, भपकेबाज सीईओंचा तेव्हा वीट आला होता. त्याच ११ मधली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक्स दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जातली कंपनी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. यशस्वी कंपन्या आधी निवडायच्या आणि मग त्यांच्या प्रमुखाचा स्वभाव बघायचा, या पद्धतीतच खोट आहे, स्वभाव कुठलाही निघो.

तेव्हा प्रश्न विचारतो. उशीर कमी झाला तो काकांमुळे, हे तुम्हाला कशावरून कळले? दोघेही एकाच वर्षी गेले. मग सीईओंचे श्रेय काढून काकांना द्यायला पुरावा काय?


जमाखर्च | बुधवार, रात्री ८.५५

प्रश्न रास्त आहे. ताई, ती वही आहे का अजून?


हार्बर_लाईन | बुधवार, रात्री ९.४०

पुराव्याचे उत्तर येईपर्यंत एक आठवण. २६ नोव्हेंबर २००८ ला रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमध्ये होते. ते मायक्रोफोनवरून लोकांना फलाट क्रमांक १ च्या मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. त्यांचे ऐकून कितीतरी माणसे वाचली. ज्यांनी ऐकले त्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता, नाव माहीत नव्हते. रोज ‘अमुक लोकल अमुक फलाटावर येत आहे’ सांगणारा आवाज खरे सांगतो, एवढीच ओळख होती आणि तेवढी पुरली. माझा मोठा भाऊ त्या वेळी तिथून घरी निघालेला होता, म्हणून ही आठवण रोज येते.


परळकरीण | शुक्रवार, रात्री १०.३०

उशीर झाला, माफ करा. वही शोधायला गुरुवारी स्वतः भिवंडीला गेले होते.

सांख्यिकी, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. वह्या मिळाल्या, तीन वर्षांच्या. प्रत्येक गाडीची फाटकातून सुटायची वेळ आणि भरण्याचा क्रम. काका निवृत्त झाल्यावर नव्या सुपरवायझरने पहिल्याच महिन्यात भरण्याचा जुना क्रम परत आणला, कारण त्यात गोदामात कमी फिरावे लागते. उशीर तिथपासून वाढलेला दिसतो. सीईओ त्यानंतर तीन महिन्यांनी गेले. आणि मागच्या वर्षी एका ग्राहकाच्या तक्रारीनंतर उलटा क्रम पुन्हा लावला तेव्हा उशीर पुन्हा उतरला. त्या वेळी वर कुणीही नवे आले नव्हते. प्रयोगशाळेतला पुरावा नाही हा, पण ‘सर गेले म्हणून’ यापेक्षा बराच आहे.

मग काकांना फोन केला. निवृत्तीनंतर ते गावी असतात. आधी मी सहीबद्दल सांगितले. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘ताई, मला ठाऊक होतं. तुमची सही ओळखतो मी.’ पुढे मी म्हटले, भरण्याच्या क्रमाची तुमची युक्ती आज समितीपुढे मांडणार आहे. तर म्हणाले, ‘माझी कुठली? ती माथाड्यांच्या टोळीच्या मुकादमाची. तो मला वर्षभर सांगत होता, मीच ऐकत नव्हतो. एकदा पावसात त्याच्याबरोबर गाडीवर गेलो, कल्याणला अर्धा माल रस्त्यावर काढून भिजला, तेव्हा पटलं. मी फक्त वेळा लिहिल्या.’

२२ वर्षे एचआरमध्ये आहे. ती टोळी माथाडी मंडळाच्या नोंदीवर, आमच्या हजेरीपटावर नाही, म्हणून तिचे एकही नाव मला माहीत नव्हते.

आजच्या बैठकीचे सांगते. वहीच्या पानांच्या झेरॉक्स सगळ्यांपुढे ठेवल्या. दहावी_ब, तुमची परवानगी घेतली होती त्याप्रमाणे तुमचा प्रसंग नाव न सांगता वाचला. एक डायरेक्टर म्हणाले की ग्राहकापुढे उभा राहणारा माणूस बोलका हवाच, आणि विक्रीवाला यांच्यासारखाच मुद्दा त्यांनी मांडला. तो मला खोडता आला नाही. शेवटी ३० चे १० झाले, तेही फक्त ग्राहकांशी थेट संबंध असलेल्या पदांना, आणि ते गुण पॅनेलने न देता त्या माणसाच्या हाताखाली वर्षभर काम केलेल्यांनी द्यायचे. मुलाखत उमेदवाराच्या पसंतीच्या भाषेत. दुर्गभटक्यांचा रजेचा प्रश्न जसाच्या तसा घेतला, त्याला २० गुण.

काकांचे जुने शेरे बदलता येत नाहीत, तशी सोय नाही असे सांगितले गेले.

मुकादम अजून त्याच गोदामात आहेत. गुरुवारी मी अकराला पोचले तेव्हा टोळी गाड्यांबरोबर बाहेर गेली होती. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, भेटायचे असेल तर पहाटे साडेचारच्या आत या. सोमवारी परळहून पहिली गाडी पकडूनही तेवढ्या लवकर पोचता येणार नाही, म्हणून रविवारी रात्री कल्याणला बहिणीकडे मुक्काम करते आहे.